सेलमचे साउथविक आणि माझ्या नातवाचा चार्ट

लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नातवाला शाळेत वंशवृक्षाचा चार्ट करून न्यायचा होता. आमच्या बाजूचं काम पाच मिनिटांत संपलं. मला पणजोबांपर्यंतची नावं येतात, त्याच्या पुढचं हेळव्याला ठाऊक. (सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हेळवी आठवत असतील. दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे आणि धान्य घेऊन जायचे. मी लहान असताना आमच्याकडे येत, आता कित्येक वर्षांत दिसले नाहीत.) जावयाच्या बाजूची मात्र विहीणबाईंनी जाडजूड फाईलच आणून ठेवली. बारा-तेरा पिढ्या! सगळ्यात वर दोन नावं: लॉरेन्स आणि कॅसान्ड्रा साउथविक, गाव सेलम, मृत्यू १६६०.

"आमचे हे पूर्वज क्वेकर होते. धर्मासाठी छळ सोसून मेले," विहीणबाई म्हणाल्या. त्या स्वतः नाताळाशिवाय चर्चची पायरी चढत नाहीत, तो भाग वेगळा. पण सांगताना आवाज जरा भरून आला होता हे खरं.

बाहेर गुडघाभर बर्फ आणि मला काही उद्योग नाही. फाईल घेऊन बसलो. पुढचे दोन महिने त्यातच गेले म्हणा ना.

पहिला घोळ तारखांचा झाला. साउथविक मंडळींनी बोस्टनच्या तुरुंगातून सेलमच्या न्यायाधीशांना लिहिलेलं एक पत्र आहे. त्यावर तारीख आहे पाचव्या महिन्याची सोळा, साल १६५८. मी बिनदिक्कत मे महिना लिहून मोकळा झालो. साफ चूक. क्वेकर लोक महिन्यांची आणि वारांची नेहमीची नावं घेत नसत, कारण ती जुन्या देवदेवतांची. ते नुसते आकडे घालत. आणि इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, थेट १७५२ पर्यंत. म्हणजे पहिला महिना मार्च, पाचवा जुलै. आपल्या चैत्रापासून मोजायच्या सवयीच्या माणसाला हे खरं तर आधी सुचायला हवं होतं.

आता हे क्वेकर कोण? इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसानं सतराव्या शतकाच्या मध्यावर उभा केलेला पंथ. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा उजेड आहे, मध्ये पाद्री कशाला, असं त्यांचं म्हणणं. शपथ घेत नसत, मोठ्या माणसापुढे टोपी काढत नसत. तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' होतं. क्वेकर सगळ्यांना 'तू' म्हणत, न्यायाधीशालासुद्धा. कोर्टात उभं राहून साहेबाला 'अरे तू' म्हणायचं, डोक्यावरची टोपी तशीच! हे किती झोंबत असेल ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

बोस्टनचे प्युरिटन स्वतः धर्माच्या जाचाला कंटाळून इंग्लंड सोडून आलेले. पण इथे राज्य हातात आल्यावर दुसऱ्याला जागा द्यायला तयार नव्हते. १६५६ मध्ये दोन क्वेकर बायका बार्बाडोसहून बोस्टनच्या बंदरात उतरल्या तर त्यांची पुस्तकं जाळली, त्यांना कोंडून ठेवलं आणि परत धाडलं. मग कायद्यावर कायदे. क्वेकराला घरात ठेवलं तर दर तासाला ४० शिलिंग दंड. कान कापायचा. जिभेला तापल्या सळईनं भोक पाडायचं. १६५८ साली शेवटचा कायदा आला: हद्दपार करायचं, परत आला तर फाशी.

लॉरेन्स साउथविक काच करणारा. सेलममध्ये १६३९ च्या सुमारास काचकामासाठी ज्यांना जमीन मिळाली त्यांतला तो एक. वीसेक वर्षं चर्चचा सभासद, घरदार, मुलंबाळं, बाग. पोटापाण्याला लागलेला संसारी माणूस. १६५७ मध्ये ख्रिस्तोफर होल्डर आणि जॉन कोपलंड हे दोन क्वेकर प्रचारक सेलमला आले. चर्चमध्ये पाद्र्याचं झाल्यावर होल्डर बोलायला उठला, तर त्याचे केस धरून तोंडात हातमोजा आणि रुमाल कोंबला. या दोघांना साउथविकांनी घरात ठेवून घेतलं होतं. नवराबायको दोघंही पकडले गेले. लॉरेन्स चर्चचा सभासद म्हणून सुटला. कॅसान्ड्रा सात आठवडे तुरुंगात राहिली, कारण तिच्याजवळ त्या पाहुण्यांनी लिहिलेला एक कागद सापडला. त्याचा दंड ४० शिलिंग.

त्यानंतर थांबलंच नाही. चर्चला गैरहजर म्हणून दर रविवारी ५ शिलिंग. मग फटके. मग पुन्हा तुरुंग, या वेळी मुलगा जोसायासकट. मे १६५९ मध्ये हद्दपारी.

फाईल वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. साध्या माणसाचं नाव कागदावर येतं ते जन्म, लग्न, जमीन आणि मरण एवढ्यापुरतं. या जोडप्याचं आयुष्य महिन्यामहिन्यानं कळतं, कारण सरकारनं त्यांना छळलं आणि चोख हिशेब ठेवला. कॅसान्ड्रा गप्प बसली असती तर आज मला तिचं नावसुद्धा कळलं नसतं.

सगळ्यात वाईट नोंद मुलांची आहे. डॅनियल आणि प्रोव्हायडेड. (हो, मुलीचं नाव प्रोव्हायडेड, म्हणजे देवानं दिलेली. आपल्याकडची देवदत्त समजा.) ही दोघं चर्चला जाईनात म्हणून १० पौंड दंड झाला. भरायला पैसे नाहीत. तेव्हा मे १६५९ मध्येच कोर्टानं ठराव केला की दोघांना व्हर्जिनियात किंवा बार्बाडोसला विकून दंड वसूल करावा. खजिनदार गिऱ्हाईक शोधत बंदरावर गेला. क्वेकरांच्या इतिहासात असं सांगतात की एकही कप्तान तयार झाला नाही. एकानं उलट विचारलं, निरुपद्रवी पोरांना तुम्ही गुलाम करणार का? विक्री बारगळली. व्हिटियर या क्वेकर कवीनं १८४३ मध्ये यावर कविता लिहिली, पण तिच्यात मुलीला आईचंच नाव दिलं. तेव्हापासून माय-लेकींची सरमिसळ चालू आहे. विहीणबाईंच्या फाईलमध्येही ती होती, ती मी दुरुस्त केली. एवढं तरी काम झालं.

हद्दपार झालेले म्हातारा-म्हातारी गेले शेल्टर बेटावर. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला दोन चिंचोळ्या भूभागांच्या मध्ये हे बेट आहे. मालक नॅथॅनियल सिल्व्हेस्टर. त्यानं क्वेकरांना आसरा दिला. पुढे बोस्टनमध्ये फाशी गेलेली मेरी डायर शेवटचा हिवाळा तिथेच राहिली होती. जुलै १६५९ मध्ये लॉरेन्सनं सिल्व्हेस्टरच्याच घरी मृत्युपत्र केलं. १६६० मध्ये दोघंही गेले, तीन दिवसांच्या अंतरानं.

इथे थांबलो असतो तर विहीणबाईंची गोष्ट पूर्ण झाली असती. पण मला प्रश्न पडला की हा सिल्व्हेस्टर करत काय होता?

सिल्व्हेस्टर आणि त्याच्या भागीदारांनी हे बेट १६५१ मध्ये १६०० पौंड साखर देऊन घेतलं. साखर कुठली? बार्बाडोसची. त्याचा भाऊ आणि बाकीचे भागीदार बार्बाडोसचे मळेवाले. तिथे इंच न् इंच जमीन उसाखाली, म्हणून खायला मांस, धान्य आणि साखरेच्या पिंपांना लाकूड या बेटावरून जायचं. ते काम करायला आफ्रिकन गुलाम. नॅथॅनियलच्या १६८० च्या मृत्युपत्रात वीसहून जास्त गुलाम आहेत. टॅमेरो आणि त्याची बायको ओयू, अशा नवराबायकोच्या जोड्या. कुणाची मुलं कोणत्या वारसाच्या वाट्याला जायची तेही लिहिलेलं.

म्हणजे बघा, ज्यांची पोरं बार्बाडोसला विकली जायची होती ते आईबाप जिथे जाऊन टेकले, ते घर बार्बाडोसच्या पैशावर आणि विकत घेतलेल्या माणसांच्या कष्टावर उभं होतं. त्यांच्यापुढे ताट कुणी ठेवलं असेल?

मी फुल्यांचं 'गुलामगिरी' वाचून वाढलेला माणूस. १८७३ मध्ये जोतिरावांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. त्या लढ्यात क्वेकर पुढे होते हेही मला माहीत होतं. पण तिथवर यायला त्यांनाही वेळ लागला. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामीविरुद्ध पहिला लेखी निषेध केला तो १६८८ मध्ये. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या सभासदांना गुलाम बाळगायची बंदी केली १७७६ मध्ये. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं. तेवढ्यात किती टॅमेरो मेले असतील.

विहीणबाईंना सांगायचं कसं? लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मीही गप्प बसलो. पाहुणा माणूस.

मे महिन्यात सगळे फेरीबोटीनं बेटावर गेलो. क्वेकरांच्या स्मशानात १८८४ चं स्मारक आहे, त्यावर साउथविकांचं नाव कोरलेलं. विहीणबाईंनी फुलं ठेवली, फोटो झाले. परतताना एका कुंपणापाशी मोठा दगड दिसला. १६५१ पासून या वाड्यावरची काळी माणसं इथे पुरली आहेत, एवढंच त्यावर. आत एकाही नावाची पाटी नाही. विहीणबाई वाचून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

प्रोव्हायडेडचं पुढे काय झालं ते मी त्यांना बोटीवर सांगितलं. ती सेलममध्येच राहिली, गॅस्किल घराण्यात लग्न झालं. १६९२ मध्ये सेलमनं चेटकिणी शोधायला घेतल्या. जॉन प्रॉक्टर नावाच्या शेजाऱ्यावर आणि त्याच्या बायकोवर आळ आला, तेव्हा त्यांच्या बाजूनं वीस शेजाऱ्यांनी अर्ज केला. त्यात प्रोव्हायडेड गॅस्किल हे नाव आहे. पन्नाशीची होती. त्याच अर्जावर सॅम्युएल एंडेकॉटचंही नाव आहे, म्हणजे तिच्या आईबापांना हद्दपार करणाऱ्या गव्हर्नराचा नातू. प्रॉक्टरला ऑगस्टमध्ये फाशी दिलंच.

नातू शेजारी बसून ऐकत होता. घरी आल्यावर त्यानं विचारलं, टॅमेरो आणि ओयू चार्टवर कुठे लिहू? ते आपले कोण लागतात? विहीणबाई म्हणाल्या, "लागत कुणी नाहीत. तरी लिही." पुढच्या बाजूला जागा नव्हती. त्यानं चार्ट उलटा केला आणि मागे लिहिलं.