गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या, मग किल्ली फिरवा

पावसाळ्याची सकाळ, कार्यालय गाठण्याची घाई आणि किल्ली फिरवूनही निश्चल उभी असलेली मोटार. शहरातील बहुतेक वाहनधारकांना या प्रसंगाला कधी ना कधी तोंड द्यावे लागते. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे किंवा बॉनेट उघडून हाताला लागेल ती वायर हलवून पाहणे, हे दोन्ही मार्ग नुकसानीचेच. इंजिन चालण्यासाठी विजेचा पुरवठा, इंधन, हवा आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या चार गोष्टींचा मेळ जमावा लागतो. यांपैकी नेमके काय कमी पडले आहे, याचा अंदाज किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून बऱ्याच अंशी बांधता येतो.

आवाज काय सांगतो?

किल्ली फिरवताच केवळ 'टक-टक' असा आवाज येत असेल आणि डॅशबोर्डवरील दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता सर्वाधिक. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२ च्या आसपास आला की ती जवळपास रिकामी झाली असे समजावे. बॅटरीचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षांचे असते. मात्र नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनल पाहावेत. त्यांवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी किंवा सैल झालेला क्लॅम्प एवढ्यानेही प्रवाह खंडित होतो.

दिवे प्रखर आहेत, एकच मोठा 'टक' आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही, असे असल्यास दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये असू शकतो. काहीच आवाज नसेल तर सोप्या गोष्टी आधी तपासाव्यात. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन' स्थितीत आहे का? अनेक गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत, तो दाबला आहे का? बटणावर चालणाऱ्या गाडीच्या किल्लीतील छोटा सेल संपला आहे का? डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहावी.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

सेल्फ जोमाने फिरतो, तरी इंजिन सुरू होत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. शोध इंधन आणि ठिणगीकडे वळवावा. पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतांश गाड्यांत इग्निशन चालू करताच मागील आसनाखालून किंवा टाकीच्या बाजूने पंपाची दोन-एक सेकंदांची बारीक घरघर ऐकू येते. ती येत नसेल तर पंपाचा फ्यूज व रिले आधी तपासावा. याउलट पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर इंजिनमध्ये इंधन जादा झाले आहे. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास अनेक गाड्यांत इंधनाची फवारणी तात्पुरती थांबते आणि प्लग कोरडे होण्यास मदत होते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची एक वेगळीच तक्रार असते. यांतील बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. काटकसरीपोटी टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवले जाते. परिणामी पंप कोरडा फिरून निकामी होतो आणि गॅस भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. डिझेल गाडीत थंडीच्या दिवसांत ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे. टाकी पूर्ण रिकामी झाल्यानंतर डिझेल भरले, तर पाइपमधील हवा काढल्याखेरीज अनेक गाड्या सुरू होत नाहीत.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्याचेही वारंवार आढळते. तेव्हा बॉनेट उघडून एकदा नजर टाकणे इष्ट.

सुरू होते, पण बंद पडते

सिग्नलला थांबताच इंजिन बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी किंवा आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह कारणीभूत असू शकतो. चढावर वा वेग घेताना दम तुटत असेल, तर तुंबलेला इंधन फिल्टर अथवा अशक्त पंप यांचा संशय घ्यावा. इंजिन तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा मुकाट सुरू होते, हे क्रँक सेन्सर किंवा इग्निशन कॉइल बिघडल्याचे नेहमीचे लक्षण. बॅटरीचा लाल दिवा लागून हेडलाइट मंदावत गाडी थांबली, तर अल्टरनेटर चार्जिंग करीत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

पाण्यातील गाडीला सेल्फ नको

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या आणि काही जणांना बंद गाडीतच प्राण गमवावे लागले. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत चढू लागले की गाडीचा मोह सोडून, विजेवर चालणाऱ्या काचा व कुलपे निकामी होण्यापूर्वी बाहेर पडणे, हाच त्या दिवसाचा धडा होय.

इंजिनाच्या दृष्टीनेही नियम तितकाच कठोर आहे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नये. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना पिस्टन वर ढकलला गेला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत भागणारे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते. शिवाय, पाण्यात सेल्फ मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान नेहमीच्या सर्वंकष विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी घ्यावी लागते. अशी गाडी टोइंग करूनच गॅरेजमध्ये न्यावी.

हे लक्षात ठेवा

* सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये. दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे.
* जंपर केबल जोडताना लाल केबल प्रथम उतरलेल्या व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला जोडावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असल्याने तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये.
* ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, म्हणून उतारावर हा प्रयोग टाळावा.
* बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.
* द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडल्यास ती शक्य तितकी डाव्या कडेला घ्यावी, इशारा दिवे लावावेत, मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहून ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

गाडी मेकॅनिककडे सोपवताना 'चालू होत नाही' एवढेच सांगू नये. आवाज कोणता आला, कोणते दिवे लागले, इंजिन गरम होते की थंड, याची नोंद दिल्यास बिघाड लवकर सापडतो आणि विनाकारण सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.