व्यसनमुक्ती सहाय्यसभा : गुरुकुंज मोझरी परिसर

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसून एकमेकांना आपला अनुभव सांगतात, ती सहाय्यसभा. सभासद तिला ‘मीटिंग’च म्हणतात. अमरावती जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावरील मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी (1909–1968) 1935 साली गुरुकुंज आश्रम स्थापला. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲक्रन शहरात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ (एए) सुरू झाली. भारतात ती 1957च्या सुमारास आली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. तरी माणूस नेमाने चारचौघांत बसला की सावरतो, ही धारणा दोन्हीकडे आहे, आणि म्हणूनच मोझरीच्या परिसरात सभा शोधणाऱ्याने आश्रमाची सामुदायिक प्रार्थना आणि सहाय्यसभा या दोन बैठकींतला फरक आधी ओळखायला हवा.

विदर्भाला दारूविरोधी विचार नवा नाही. गाडगेबाबांनी कीर्तनांतून आणि तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनांतून व्यसनावर कोरडे ओढले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि वारकऱ्याच्या गळ्यातली माळही हेच बंधन घालते. वर्धा जिल्ह्यात तर अनेक दशके दारूबंदी आहे. शपथेच्या या परंपरेने असंख्य घरे वाचवली. पण तिची एक बाजू दुबळी आहे. माळ घातलेला माणूस लग्नाच्या पंगतीनंतर मित्रांच्या आग्रहाला बळी पडला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेच्या रांगेत बसायची त्याला लाज वाटते. तो येईनासा होतो आणि आधार तुटतो तो नेमका हवा असतो तेव्हा. सहाय्यसभेची रचना या दिवसासाठी आहे. तिथे घसरणीला ‘स्लिप’ म्हणतात आणि घसरलेल्याला पुढच्या मीटिंगला बोलावतात. एएच्या दोघा संस्थापकांपैकी एक शल्यविशारद होता. पिणे सोडल्यावर काही आठवड्यांतच तो पुन्हा प्यायला. 10 जून 1935 रोजी शस्त्रक्रियेआधी थरथरणारे हात स्थिर व्हावेत म्हणून त्याने घेतलेली बिअर ही त्याची शेवटची ठरली. तोच दिवस संस्था आपला स्थापनादिन मानते. मोडलेल्या संकल्पानंतरच्या दिवसाला असा मान देणारी जागा गावोगाव हवी, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप परिणामाचा. नुसते बोलून दारू सुटते का? 2020 साली कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार वर्षअखेर पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले : सुमारे 42 टक्के विरुद्ध 35 टक्के. फरक चमत्काराचा नाही, शिवाय बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत. पण सभेला फी नसते, आणि 2019च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात मद्यावलंबी 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. तिथे इतका लाभही मोठा आहे. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, तरी त्याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा असतो. सभासद होण्यासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. सामुदायिक प्रार्थनेत वाढलेल्याला ही भाषा परकी वाटणार नाही. ती नको असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने (स्थापना 1986) महाराष्ट्रात रुजवलेल्या पाठपुरावा सभांचा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : खेड्यात गुप्तता कशी राहणार? दाराबाहेरच्या चपलांवरून कोण आत बसले आहे, हे गाव ओळखते. त्यामुळे अनेकांना सुरुवातीला गावाबाहेरची, अमरावतीसारख्या शहरातली सभा सोयीची जाते. मोझरीहून ते अंतर सुमारे 35 किलोमीटर आहे. पण हाच प्रवास पुढे नेम मोडायला कारण ठरतो. संध्याकाळची मीटिंग संपल्यावर परतीची एसटी मिळते का, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. दोन-चार जण मद्यमुक्त होऊन स्थिरावले की त्यांनी गावातच बैठक सुरू करावी. त्यासाठी चहा आणि दाराची कडी लागणारी खोली पुरते.

शोध कुठून सुरू करावा? केंद्र शासनाच्या 14446 या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवरून, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. सभा ‘खुली’ आहे की ‘बंद’, हे विचारावे : खुल्या सभेला नातेवाईक बसू शकतात, बंद सभा फक्त दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची. एखादी सभा जमली नाही तर दुसरी पाहावी. एका बैठकीवरून निर्णय घेऊ नये. एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, तीव्र थरथर, ताप दिसू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर, मग मीटिंग. पत्नी, आई आणि मुले यांच्यासाठी ‘अल-ॲनॉन’ या वेगळ्या सभा असतात. घरातला पिणारा अजून कुठेही जायला तयार नसला, तरी त्यांना तिथे जाता येते.