रुळांच्या मापाची गोष्ट

श्रोतेहो, दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला गेल्या वर्षीचे मावळे पेटीतून निघतात, तेव्हा मुलांना केवढा आनंद होतो! जर्मनीत, अमेरिकेत कित्येक घरी नाताळच्या झाडाभोवती अशीच जपलेली वस्तू मांडतात. ती म्हणजे आजोबांची खेळण्यातली आगगाडी. पण आजोबांची गाडी नातवाच्या रुळांवर धावते कशी? त्याची हकिगत ऐका.

जर्मनीत गोपिंगन गावी मेर्क्लिन घराण्याचा कारखाना होता. १८५९ पासून तिथे भातुकलीची पत्र्याची भांडी होत. १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी चावी दिली की धावणारी आगगाडी मांडली. नवल गाडीचे नव्हते, रुळांचे होते. दोन रुळांमधले अंतर त्यांनी ठरावीक मापांत बांधून दिले. मग काय! या नाताळात इंजिन घ्यावे, पुढच्या नाताळात डबा, नंतर स्टेशन. जुन्याला नवे जुळू लागले. कारखानदाराचा धंदा वाढला हे खरेच. पण घरात वारसाही तयार झाला.

अमेरिकेत १९०० साली निघालेल्या लायनेल कंपनीच्या विजेवरच्या गाड्या घरोघर पोहोचल्या. पुढे महायुद्ध आले. १९४२ मध्ये धातू युद्धाकडे वळला आणि या गाड्या बनवणे थांबले. १९४३ साली लायनेलने चक्क कागदी पुठ्ठ्याची गाडी विकली! ज्यांनी वडिलांची गाडी जपली होती, त्यांच्या घरी मात्र खरी चाके फिरली.

गुरुजनहो, वर्गात मापे शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. माप एक राहिले, म्हणून पिढ्या एका रुळावर आल्या.