आधी आई, मग अंगाई

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे सातव्या महिन्यात बाळ झालं, की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "नागपूरला हलवा." १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर पलीकडे गेलं, पण आजारपणाचा रस्ता बदलला नाही. मग पुष्कळदा बाळ तिकडे काचेच्या पेटीत आणि ओल्या टाक्यांची आई मागे गावात, अशी ताटातूट होते. अशा बाळाला संगीत ऐकवावं का, हा प्रश्न चैनीचा वाटेल. तसा तो नाही. मात्र त्याच्या आधी आई बाळापाशी कशी राहील, हा प्रश्न सुटावा लागतो, आणि त्याला मुंबईच्या शीव रुग्णालयाने फार पूर्वी हात घातला होता.

लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव. शेजारी धारावी, त्यामुळे गर्दी पाचवीला पुजलेली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. अर्मिडा फर्नांडिस इथला नवजात विभाग पाहू लागल्या, तेव्हा बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. सिस्टर थोड्या, बाळं फार, दूध पावडरचं आणि तेही बाटलीतून. आईने बाहेर थांबायचं, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. फर्नांडिसांनी ती उलटी फिरवली. बाटली बाहेर गेली, आई आत आली. हात धुवायचे, बाळापाशी बसायचं, दूध काढून पाजायचं, लंगोट बदलायचा. अपुऱ्या मनुष्यबळाची अडचणही त्यातच हलकी झाली. हा काही नुसता हळवेपणा नव्हता. कोलंबियात बोगोटाच्या प्रसूतिगृहात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनीही पेट्या पुरेनात म्हणूनच बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली होती. 'कांगारू मदर केअर' आलं ते तिथून. दोन्हीकडे टंचाईनेच डोळे उघडले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण आईचं दूधच उतरलं नाही, किंवा आई स्वतःच अत्यवस्थ असली तर? याच्या उत्तरादाखल शीवला २७ नोव्हेंबर १९८९ रोजी दूधपेढी सुरू झाली. आशियातली ही पहिली. (जगातली पहिली व्हिएन्नाची, १९०९ची.) दात्या आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून चटकन थंड करतात, जंतूंची चाचणी करतात आणि उणे २० अंशांत गोठवतात. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. पुढे फर्नांडिस रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, १९९९ मध्ये त्यांची माता-बालआरोग्यासाठीची 'स्नेहा' ही संस्था उभी राहिली, आणि डॉ. जयश्री मोंडकर यांच्यासारख्यांनी दूधपेढीचं काम पुढे नेलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

संगीतोपचाराची शिस्त मात्र दुसरीकडे घडली. गर्भातलं बाळ साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास ऐकू लागतं. आईचे ठोके, तिचं बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. वेळेआधी बाहेर आलं की कानावर येतात ते यंत्रांचे गजर. अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं आहे. न्यूयॉर्कच्या संगीतोपचारक जोआन लोवी यांनी ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ध्वनिमुद्रण नव्हतं. आईवडिलांनी निवडलेलं गाणं अंगाईच्या संथ लयीत, बाळाच्या श्वासाकडे पाहत प्रत्यक्ष गायचं. त्याने बाळं शांत झाली, आणि आईवडिलांचा ताणही उतरला. नंतर नॉर्वे, पोलंड, कोलंबिया, अर्जेंटिना आणि इस्रायलमधल्या २१३ कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला. त्यात आई-बाळाच्या नात्यात ठळक फरक आढळला नाही. म्हणून संगीताला औषध म्हणून मिरवू नये. ते सोबत आहे, आणि सोबतीला आई हजर असावी लागते.

तिच्या हजेरीचा पुरावा मात्र भक्कम आहे. दिल्लीच्या सफदरजंगसह भारत आणि आफ्रिकेतल्या पाच रुग्णालयांतला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच हलवावी लागली होती.

आपल्याकडे बारशाला पाळणा म्हणतात, तो नाव ठेवायला. पेटीतल्या बाळाचं बारसं लांबतं, म्हणून पाळणाही लांबवतात. खरं तर बाळ छातीशी असताना तोच पाळणा निम्म्या आवाजात, एका वेळी थोडा, म्हणायला हरकत नाही. बाळाने तोंड फिरवलं, बोटं ताठ केली, रंग बदलला की थांबायचं आणि सिस्टरला हाक मारायची. भिंतीवर स्पीकर लावून दिवसभर बासरी वाजवणं मात्र नको. गजरांच्या गोंगाटात तो आणखी एक आवाज.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं. जिल्ह्यामागोमाग नवजात कक्षाच्या खाटा-पेट्यांचे हिशेब येतात. त्या यादीत प्रत्येक पेटीशेजारी आईची खाट, टेकून बसायची खुर्ची, हात धुवायला बेसिन आणि दूध काढायला आडोसा आधी लिहावा. आणि नागपूरला पाठवायची वेळ आलीच, तर प्रकृती झेपत असेल तेव्हा आईलाही त्याच गाडीत बसवावं.