शत्रूच्या दप्तरातलं अर्धं आयुष्य

लढाऊ वैमानिकाचं चरित्र हा परदेशातल्या हौशी वाचकांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असं मराठी वाचकाला वाटणं साहजिक आहे. पण गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, महायुद्ध पेटलेलं असतानाच बांधली, आणि आज त्याच विमानतळावर वैमानिक घडवले जातात. याच जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे गोंड भाविकांची रीघ लागते. एवढ्या आडबाजूच्या मुलखापर्यंत ज्या युद्धाचे हात पोचले, त्याला परकं म्हणता येणार नाही. म्हणून या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचं मनापासून स्वागत, आणि आत येताना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

या विषयाकडे बहुतेकांना आणतात ते आकडे. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन याच्या नावावर पाडलेली ८० विमानं, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्याच एरिक हार्टमानच्या नावावर ३५२. आकड्यांची भुरळ पडण्यात काही गैर नाही. मात्र आकडा हा एका बाजूचा दावा असतो. विमान पाडल्याची नोंद एका देशाच्या कागदावर होते आणि ते गमावल्याची दुसऱ्या देशाच्या. हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय लढाऊ वैमानिकाचं चरित्र लिहिताच येत नाही. या क्षेत्राची सगळी शिस्त या एका वाक्यात आहे.

ती समजून घ्यायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. मुंबईचे श्रीकृष्णचंद्र वेलिंगकर पुरेसे आहेत. केंब्रिजला शिकलेला हा तरुण ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला आणि १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवू लागला. हे विमान जरा जवळून पाहण्यासारखं आहे. त्याचा वरचा पंख मधोमध उघडा होता आणि त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर यायचं. वरचं आणि पुढचं आकाश त्याला लख्ख दिसे. पण उतरताना विमान उलटलं, तर पहिला मार मानेवर. शिवाय ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिलं जात नव्हतं.

२७ जून १९१८ रोजी वेलिंगकर गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या स्क्वाड्रनपुरती गोष्ट इथे संपते. ‘बेपत्ता’ या शेऱ्यापलीकडे तिला काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. प्रत्यक्षात ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागले होते आणि ३० जूनला वारले. फ्रान्समधल्या हँगार्डच्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. मधले तीन दिवस ज्यांनी पाहिले ते सगळे शत्रुपक्षाचे. मुंबईच्या एका मुलाच्या अखेरीचा शोध घ्यायचा तर जर्मन कागदांकडेच वळावं लागतं.

दाव्यांची पद्धतही दोन्हीकडे सारखी नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिक बहुतांशी आपल्याच हद्दीवर लढत. पाडलेलं विमान आपल्याच जमिनीवर पडे आणि त्याचे अवशेष जाऊन पाहता येत. ब्रिटिश शत्रूच्या हद्दीत शिरून लढत, त्यामुळे ‘ताबा सुटून खाली जाताना दिसलं’ एवढ्यावरही त्यांच्याकडे विजय धरला जाई. जर्मनांकडे एक विमान एकाच वैमानिकाच्या नावावर चढे. ब्रिटिशांकडे वाटणी चाले. अशा दोन हिशेबांतले आकडे सरळ एकाखाली एक मांडून कोण श्रेष्ठ ते ठरवणं म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करणं.

हार्टमानच्या ३५२ मागेही अशी कारणं आहेत. १९४२ च्या शरद ऋतूपासून जर्मनीच्या शरणागतीच्या दिवसापर्यंत त्याने सुमारे १,४०० उड्डाणं केली. ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकाला ठरावीक मुदतीनंतर आघाडीवरून हलवत, नव्यांना शिकवायला पाठवत. जर्मन वैमानिक मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत आघाडीवरच राही. म्हणजे या मोठ्या आकड्यात कौशल्य जेवढं आहे तेवढाच एका राजवटीचा आपल्या माणसांकडे पाहण्याचा हिशेबही आहे. दुसरा जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेई याच्या नावावर १५८ विजय आहेत, त्यातले बहुतेक उत्तर आफ्रिकेतले. १ सप्टेंबर १९४२ या एकाच दिवशी त्याने १७ विमानं पाडल्याचा दावा झाला आणि त्यावर अजून वाद चालू आहे. महिनाअखेरीस इंजिन बिघडल्याने त्याने उडी घेतली, शेपटीचा तडाखा बसला आणि पॅराशूट उघडलंच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच वाळवंटात, तोब्रुक पडलं तेव्हा, मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन कैद झाली होती. मार्सेईचं चरित्र मराठी वाचकाने वाचताना खाली जमिनीवर कोण होतं हेही विचारलं पाहिजे.

कीर्ती कोणी घडवली, हा पुढचा प्रश्न. पहिल्या महायुद्धात बर्लिनचा सांके नावाचा प्रकाशक वैमानिकांची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून विकत असे. दुसऱ्या महायुद्धात हे काम नाझींच्या प्रचारयंत्रणेने केलं. युद्धानंतर चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत शौर्य उरलं आणि राजवट गळाली. जर्मनीनेच पुढे हा हिशेब पुन्हा तपासायला घेतला. शंभर विजयांचा पहिला मानकरी वेर्नर म्योल्डर्स स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढला होता, म्हणून २००५ साली जर्मन हवाई दलाच्या एका तुकडीला दिलेलं त्याचं नाव काढून टाकण्यात आलं. वैमानिकाचं कसब आणि त्याने पत्करलेली बाजू, दोन्ही एकाच चरित्रात नोंदवावी लागतात.

मराठी नावांची या क्षेत्रात वानवा नाही. वानवा आहे ती अभ्यासाची. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० साली हवाई दलात आले, ब्रह्मदेशच्या मोहिमेत उडाले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या कामगिरीसाठी महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख होते. दिलीप परुळकर डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात पाडले गेले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटले. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर असताना लंडी कोतलला ते पकडले गेले. इथेही निम्मी साधनं सीमेपलीकडची.

साधनांची स्थिती आधीच माहीत असलेली बरी. ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या रोजनोंदी लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि युद्धकाळातल्या भारतीय स्क्वाड्रनांच्याही तिथे मिळतात. जर्मन लष्करी दप्तर फ्रायबुर्गला आहे, पण पहिल्या महायुद्धाचे पुष्कळसे प्रशियन कागद एप्रिल १९४५ च्या पॉट्सडॅमवरच्या बॉम्बफेकीत जळाले. जिथे कागद नाही तिथे तोंडी आठवणींवर भिस्त ठेवावी लागते. कचारगडची सगळी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन आणि सांगून टिकलेली आहे, त्यामुळे या भागातल्या अभ्यासकाला असं साधन ऐकायचं कसं हे वेगळं शिकवावं लागू नये. बिरसीसाठी कुणाच्या जमिनी गेल्या, माती कुणी उपसली, मजुरी काय मिळाली, हे प्रश्न आसपासच्या गावांतच विचारावे लागतील, आणि लवकर.

सुरुवात करणाऱ्याने संपूर्ण कारकीर्द हाती घेऊ नये. एक वैमानिक आणि एक दिवस निवडावा. त्या दिवशी त्याच्या स्क्वाड्रनने काय लिहिलं ते आधी वाचावं, मग समोरच्यांनी काय लिहिलं ते. वेळ जुळते का, ठिकाण जुळतं का, विमानाचा प्रकार जुळतो का ते पाहावं. जुळलं नाही तर कुणाला लगेच खोटं ठरवू नये. चारशे किलोमीटरच्या वेगात आणि जिवाच्या भीतीत माणसाला जे दिसतं ते त्याने लिहिलेलं असतं. ही न जुळणारी जागा नीट टिपून ठेवणं, हेच या क्षेत्रातलं पहिलं काम.