कूटलेख, क्षमापत्र आणि १०१ दिवस

वृत्तपत्रांवरचा विश्वास उडाला, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. ती करताना पूर्वी हा विश्वास आपोआप होता, असे आपण गृहीत धरतो. वाचकहो, इतिहास तसे सांगत नाही. मराठी वृत्तपत्रांनी तो कष्टाने मिळवला, एकदा तर गमावता गमावता सावरला, आणि काही वाचकांच्या बाबतीत मिळवण्याचा प्रयत्नही केला नाही. याचा दाखला शोधायला फार लांब जायला नको. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर कोल्हापूर आहे, तिथलेच हे प्रकरण.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन साप्ताहिके पुण्यात सुरू झाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, तर इंग्रजी 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीतले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेडे ठरवून छळले जात आहे, अशी कुजबूज सर्वत्र होती आणि लोकांचा रोष कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रे या तरुण संपादकांच्या पाहण्यात आली. त्यांवर विसंबून दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पत्रे बनावट असल्याचे उघड झाले.

पुढे जे घडले ते आजच्या वाचकाने सावकाश वाचावे. संपादकांनी क्षमापत्र दिले. तरीही खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्याआधी जामिनाची वेळ आली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी दिली. फुल्यांचे आणि या मंडळींचे मतभेद सर्वांना ठाऊक होते, तरी ते आड आले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस दोघे सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. चुकीचा मजकूर छापून शिक्षा भोगलेल्या पत्रांची पत घटायला हवी होती, पण ती वाढली.

याचे कारण मला असे दिसते. लेखाखाली कोण उभे आहे हे वाचकाला माहीत होते. चूक सिद्ध झाल्यावर त्या माणसांनी ती मान्य केली आणि तिची किंमत स्वतः मोजली. छापखाना, पत्ता, संपादकाचे नाव, कोर्टाची पायरी, सगळे डोळ्यांसमोर होते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत शिवाजी महाराजांचा अंत झाला. लोकांना वाटले, पाहा, 'केसरी' खरेच सांगत होता. महाराजांचे हाल हा प्रश्न खरा होताच. पण म्हणून ती पत्रे खरी ठरत नाहीत. आपला मुद्दा न्याय्य असला की पुरावा तपासायचे कष्ट नकोसे होतात. 'भावना तर खरी आहे ना' असे म्हणून खोटा मजकूर पुढे ढकलणारे आज काही कमी नाहीत.

जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात. त्यांतला एक 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख तयार करणे. तोंडी खोटे हवेत विरते. लेखी खोटे पुरावा होऊन बसते, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख असावा, असे मला वाटते.

विश्वासाला दुसरीही बाजू आहे. छापलेले खरे असले, तरी काय छापले नाही हे कोण पाहणार? ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, त्याला शाहू महाराजांनी अर्थसाहाय्य दिले. त्याच 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही. ज्यांचा शब्दच छापला जात नव्हता, त्यांनी त्या पत्रावर विश्वास कसा ठेवावा? मग त्यांनी स्वतःचे पत्र काढले.

आता आपल्या काळाकडे या. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेल्याचे उघड झाले, तेव्हा छापील पत्रांनीच आपली पत खर्ची घातली. त्या पोकळीत मोबाइल आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. त्या दिवसांत अशी अफवा व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा भारतात घातली. पण या मजकुराचा संपादक कोण? क्षमापत्र कोण देणार? डोंगरीला कोण जाणार? ज्याने पुढे पाठवले तो म्हणतो, 'मला आले, मी पाठवले.'

माझ्या दवाखान्यात रुग्ण मोबाइल पुढे करून विचारतात, 'डॉक्टर, हे औषध घेऊ का?' होमिओपॅथीत केस घेताना आम्ही त्रास केव्हापासून, कशाने वाढतो, कोणी पाहिले, असे खोदून विचारतो. संदेशालाही हेच विचारावे. कोणी लिहिले, केव्हाचे, कुठले?

सीमाभागात याची गरज अधिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून इथल्या बातमीला दोन भाषा आणि दोन बाजू आहेत. बसस्टँडवरची एकच बाचाबाची मराठी पत्रात एक दिसते आणि कन्नड पत्रात वेगळी. तेढ वाढलेल्या दिवशी एक जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरला, तर दगड पडायला वेळ लागत नाही आणि काच फुटते ती कोणा गरिबाच्या टपरीची. आपल्यापैकी अनेकांना दोन्ही लिप्या वाचता येतात. त्या दिवशी तरी दोन्ही पत्रे वाचावीत. अनेकान्त म्हणजे दोघेही बरोबर असे मानणे नव्हे. निर्णयाआधी दुसरी बाजू पाहणे, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ.

संपादकांकडून मागायचे तेही थोडेच आहे. जाहिरात बातमीपासून वेगळी दाखवावी. बातमी कुठून आली ते सांगावे. चूक पहिल्या पानावर झाली असेल, तर दुरुस्तीही पहिल्या पानावरच यावी. आपले सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे आणि तिथे अंक तारखेनिशी जपले जातात. छापलेला शब्द उद्या कोणीतरी काढून दाखवील, हा धाक संपादकाला असे. मोबाइलवर पुसता येणाऱ्या शब्दाला तो नाही. म्हणून पुढे पाठवण्यापूर्वी आपले नाव त्याखाली लिहायची तयारी आहे का, हे ज्याचे त्याने पाहावे. नसेल, तर तो मजकूर तिथेच थांबवावा.