परवानगीचा पोशाख : महाड-पोलादपुरातील पुरुषांच्या पेहरावाचा इतिहास

पुरुषांच्या पेहरावाचा इतिहास लिहिताना ऐपत, हवामान आणि आवड या तीन गोष्टींचा विचार सहसा होतो. परंतु सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत या तिन्हींच्या आधी चौथी गोष्ट येते, आणि ती म्हणजे परवानगी. डोक्याला पगडी असावी की नुसते फडके, धोतर पोटरीपर्यंत सोडावे की गुडघ्याच्या वर खोचावे, पायांत वहाणा घालून वाटेने जावे की त्या हातात घ्याव्यात, हे घालणाऱ्याच्या मनावर नव्हे, तर त्याची जात, त्याचा हुद्दा आणि समोर उभा असलेला माणूस यांवर ठरत असे. त्यामुळे या भागात ‘नीट कपडे घालणे’ ही साधी वाटणारी गोष्ट दीर्घकाळ थोड्यांची मिरास राहिली, आणि ती सर्वांची व्हावी म्हणून जे घडले त्यातला मोठा भाग महाड शहरातच घडला.

महाडपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा पोशाख हा राज्यव्यवहाराचा भाग होता. मराठीत ‘वस्त्रे मिळणे’ याचा अर्थ पदावर नेमणूक होणे असा होतो. सुभेदारीची वस्त्रे, पेशवाईची वस्त्रे हे शब्दप्रयोग त्यातूनच आले. धन्याने दिलेली वस्त्रे म्हणजे अंगावर घातलेला अधिकारच, आणि ती काढून घेणे म्हणजे पद काढून घेणे. दरबारी माणसाच्या अंगात जामा किंवा अंगरखा, कमरेला कमरबंद आणि डोक्याला तुरा लावलेले पागोटे असे. जामा म्हणजे कमरेखाली घेर असलेला लांब झगा, तर अंगरखा म्हणजे छातीवर एकावर एक येणाऱ्या पदरांचा, बंदांनी बांधायचा लांब बाह्यांचा कपडा. जामा, पायजमा, रुमाल हे शब्द फारसीतून आलेले, आणि आज अगदी घरगुती वाटणारा ‘सदरा’ हा शब्दही छाती या अर्थाच्या अरबी शब्दाशी नाते सांगणारा. पोशाखाच्या बाबतीत कोकणचा हा आतला पट्टासुद्धा जगापासून तुटलेला नव्हता, हे या शब्दांवरून ध्यानात येते. पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे यांच्यासारख्या सरदारांची चित्रे आज भरजरी कपड्यांत रंगवली जातात, पण डोंगर चढणाऱ्या मावळ्याच्या अंगावर भरजरी कपडा टिकणार नव्हता; आखूड चोळणा, अंगात बंडी, डोक्याला घट्ट बांधलेले मुंडासे हाच त्याचा कामाचा वेष समजावा.

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याचा दरबारी पोशाख महाडाने दोनदा जवळून पाहिला. १७९६ साली नाना फडणीस पुण्यातून निघून महाडास येऊन राहिले आणि तेथूनच त्यांनी निजामाशी करार जुळवला. पुढे १८०२ साली यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेला दुसरा बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला जाण्यापूर्वी याच वाटेने आला. पगडी आणि पागोटे यांतला फरक येथे सांगितला पाहिजे. पागोटे, पटका किंवा मुंडासे दररोज डोक्यावर गुंडाळायचे असते, तर पगडी पगडबंदाने एकदा बांधून, शिवून तयार केलेली असते व ती टोपीसारखी उचलून ठेवता येते. पागोटे उन्हात सावली देते, जखमेला पट्टी होते, विहिरीत दोरीला जोड म्हणूनही चालते. पगडी यातले काहीच करत नाही, आणि नेमके म्हणूनच ती घालणारा हाताने काम करणारा नाही हे दुरून कळते.

कानातल्या बाळीची कथा याहून बोलकी आहे. कानाच्या वरच्या पाळीत घातलेली मोत्यांची भिकबाळी ही पेशवाईत प्रतिष्ठेची खूण होती आणि आजही सणासुदीला हौसेने घातली जाते. कोकणातील कुणबी पुरुषही कानात बाळी घालत. परंतु तोच कुणबी मुंबईत घरगडी म्हणून राबू लागला तेव्हा त्याच बाळीवरून शहराने त्याला ‘बाल्या’ म्हटले, आणि त्या हाकेत मान नव्हता. एकाच दागिन्याने एकाला सरदार ठरवले आणि दुसऱ्याला गडी. त्या कुणब्यांनी मात्र आपल्या फेर धरून नाचण्याच्या कलेला मिळालेले ‘बाल्या नाच’ हे नाव टिकवून धरले आणि गणपतीच्या दिवसांत ती कला वाडीवाडीवर जिवंत ठेवली.

कष्टकऱ्याचा कामाचा पोशाख पावसाने ठरवला. या तालुक्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि त्याच चार महिन्यांत भातलावणीसाठी गुडघाभर चिखलात उभे राहावे लागते. अशा कामात धोतर अडचणच ठरते. म्हणून लंगोटी किंवा कमरेला आवळून बांधलेले आखूड फडके, आणि वरून घोंगडी. घोंगडीची खोळ करण्याची रीत पाहण्यासारखी आहे: आयताकृती घोंगडीची एक बाजू दुमडून तिचे दोन कोपरे असे जुळवतात की डोक्यावर टोकदार टोपडे तयार होते आणि उरलेली घोंगडी पाठीवरून पोटरीपर्यंत सुटते, हात मोकळे राहतात, पाणी लोकरीवरून निथळत जाते आणि भिजली तरी तिची ऊब जात नाही. वाकून लावणी करताना पाठीवर इरले असे, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात झाडाची रुंद पाने दाटून बसवलेले, पाठीला झाकणारे होडीच्या आकाराचे छप्पर. कापडाच्या इतिहासात इरल्याला जागा मिळत नाही, ही उणीव आहे. अंगाच्या मापाने आणि कामाच्या गरजेने बनवलेला याहून नेमका पोशाख दरबारातही नव्हता.

इंग्रजी अमलात महाड हे मामलेदार कचेरीचे आणि सावित्रीच्या खाडीवरील व्यापाराचे गाव म्हणून वाढले, आणि कचेरीतल्या माणसाचा एक नवाच मिश्र वेष रूढ झाला. खाली घरचे धोतर, वर लांब, बहुधा बंद गळ्याचा कोट, गळ्यात उपरणे आणि डोक्यावर आधी पगडी, नंतर टोपी. बाराबंदीची, म्हणजे जिच्या बारा बंदांवरून नाव पडले त्या कमरेपर्यंतच्या बांधायच्या कपड्याची, जागा गुंडीच्या सदऱ्याने घेतली. बंद बांधायला लागणारा वेळ वाचला आणि शिंप्याच्या कामात काज करणे व गुंड्या लावणे हे नवे कौशल्य आले. कमरेखाली गाव आणि कमरेवर सरकार असा हा पोशाख होता. पूर्ण विलायती सूट घालणारे मात्र विरळाच. महाड तालुक्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख इंग्लंडला जाऊन सनदी सेवेत शिरले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रायगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या मुलाने सूट घालावा यात त्यांच्या बाबतीत कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. सगळ्यांना ही सवलत नव्हती.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या पुरुषाने स्वच्छ, नवे, लांब धोतर नेसणे किंवा सवर्ण वस्तीतून वहाणा घालून जाणे हा आगाऊपणा समजला जाई, आणि त्याच्या वाट्याला ‘हक्क’ म्हणून मढ्यावरचे कापड येई. मृताच्या अंगावरचे कापड महाराने न्यावे ही गावगाड्याची रीत होती. ज्याला मेलेल्याचे कापड घेण्याचा हक्क पण स्वतः विकत घेतलेले नवे कापड घालण्याची चोरी, त्याच्याबाबत आवडीनिवडीची भाषा करणेच क्रूर ठरते. या कोंडीतून पहिली वाट लष्कराने दिली. बाणकोट १७५६ साली इंग्रजांकडे गेल्यानंतर या किनाऱ्यावरील महार मोठ्या संख्येने कंपनीच्या फौजेत भरती झाले, आणि गणवेश हा त्यांच्या अंगावर आलेला असा पहिला पोशाख होता, ज्यासाठी गावाची संमती लागत नव्हती. बूट, पट्टा, बटणे घासूनपुसून चकचकीत ठेवण्याची शिस्त घेऊन हे लोक निवृत्त झाल्यावर गावी परतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १८९०च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा पगाराबरोबर ही वाटही बुजली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ सालीच मुंबई कायदेमंडळाने केला होता आणि महाड नगरपालिकेने तो १९२४ साली स्वीकारला होता; तरीही हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जमावाने परतणाऱ्या माणसांना मारहाण केली. हा लढा पाण्याचा होता, तसाच तो राहणीचाही होता. डिसेंबर १९२७मध्ये आंबेडकर बोटीने दासगाव बंदरात उतरून पुन्हा महाडास आले, २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेत स्त्रियांशी बोलताना त्यांनी सांगितले की कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असावा, आणि कोणी काय ल्यावे-नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही. उपदेश स्त्रियांना उद्देशून असला तरी त्यातले तत्त्व पुरुषांनाही तितकेच लागू होते. आंबेडकरांच्या सुटाकडे याच संदर्भात पाहावे लागते. त्याच काळात गांधीजी अंगावरचे कपडे कमी करून गरिबांशी जवळीक दाखवत होते. ज्यांच्यावर अपुरे कपडे लादले गेले होते त्यांच्या नेत्याने मात्र पूर्ण पोशाख करणे हेच योग्य होते. त्यात नक्कल शोधणाऱ्यांनी मढ्यावरचे कापड विसरू नये.

विसाव्या शतकात या दोन्ही तालुक्यांचा पेहराव बदलला तो मुंबईच्या पैशाने. गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत शिपाई म्हणून काम करणारा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येई, तेव्हा त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जोड फक्त गावासाठी राखलेला असे. सुरुवातीला लेंगा, सदरा आणि टोपी, पुढे पॅन्ट-शर्ट. इस्त्री नसलेल्या घरात पितळी तांब्यात निखारे घालून, त्याच्या तापलेल्या बुडाने सदऱ्याच्या कॉलरवरच्या सुरकुत्या मोडत, आणि पॅन्टीची घडी नीट जुळवून ती रात्रभर अंथरुणाखाली दाबून ठेवत. महाडात वीरेश्वराच्या छबिन्याला, म्हणजे रात्री निघणाऱ्या पालखीच्या उत्सवाला, हाच जोड अंगावर असे. नंतर टेरिकॉट आले, लग्नात टोपी-उपरण्याच्या आहेराची जागा शर्टपीस-पॅन्टपीसने घेतली आणि बाजारपेठेतल्या शिंप्याकडे लग्नसराईत दिवस-दिवस ताटकळावे लागू लागले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा पैसा आटला, महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे गणवेश आले, आणि तयार कपड्यांनी शिंप्याचे बरेचसे काम नेले. हा शेवटचा बदल सर्वत्र झाला तसाच येथेही झाला. त्यात या भागाचे वेगळेपण फारसे नाही.

चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली लागला. दर वर्षी २० मार्चला तळ्यावर जमणाऱ्या पुरुषांपैकी पुष्कळांच्या अंगात पांढरा, स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा सदरा असतो.